लिंबाचा भरवसा

माझ्या आईचे वय ८४. कवळी बसवल्यापासून तिला मऊ फळेच चालतात आणि हात थरथरत असल्याने सुरी तिच्या हाती देण्याचे धाडस होत नाही. म्हणून उन्हाळ्यात सकाळी कामावर निघण्यापूर्वी मी खरबूज चिरून, त्यावर लिंबू पिळून, किंचित सैंधव भुरभुरवून, ताटलीने झाकून टेबलावर ठेवीत असे. दुपारी ती ते आवडीने खाई. लिंबू-मिठाच्या पहाऱ्यात फोडी सुरक्षित आहेत, असा माझा समज होता.

गेल्या वैशाखात एका संध्याकाळी घरी परतले, तेव्हा आई उलट्या-जुलाबांनी गळून गेली होती. दोन दिवस सलाइन लावावे लागले. काय खाल्ले हे ऐकून घेतल्यावर डॉक्टरांनी विचारले, "फळ चिरलं कधी आणि खाल्लं कधी?" मध्ये सहा तास गेले होते. दोष खरबुजाचाच, असे खात्रीने सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. परंतु तो प्रश्न माझ्या मनातून जाईना.

मग या विषयाचे थोडे वाचन केले. साल हे फळाचे संरक्षक आवरण. सुरी फिरली की ते तुटते आणि बाहेर आलेल्या रसावर जिवाणू पोसतात. खरबुजाची साल जाळीदार. तिच्या खाचांतील माती व जंतू सुरीबरोबर गरापर्यंत पोहोचतात. शिवाय खरबूज, कलिंगड, पपई यांत आंबटपणा अगदी कमी. २०११ मध्ये अमेरिकेत दूषित खरबुजांमुळे लिस्टेरिया या जिवाणूची साथ पसरली. तीत ३३ जण दगावले. बाधितांपैकी बहुतेकांनी साठी ओलांडली होती. वयाबरोबर प्रतिकारशक्ती मंदावते आणि आम्लपित्तावरील काही औषधांनी जठरातील जंतुनाशक आम्लही घटते.

लिंबू निरुपयोगी आहे, असे मात्र नव्हे. त्यातील आम्लाने अनेक जिवाणूंची वाढ मंदावते. ओव्यातील थायमॉल आणि लवंगेतील युजेनॉल हेही जिवाणूंना रोखतात. पण परिणाम होईल इतक्या मात्रेत ते फळाला लावले, तर चव बिघडते. दुधात वाढणाऱ्या एका उपकारक जिवाणूपासून मिळणारे नायसिन लिस्टेरियाला आवर घालते, ई. कोलाय व साल्मोनेला यांच्यावर मात्र ते एकटे फारसे चालत नाही. घरी पिळलेले अर्धे लिंबू तर प्रत्येक फोडीच्या सर्व बाजूंना पोहोचतही नाही. फोड ताजी दिसते, वासही चांगला येतो, आणि आपण निर्धास्त होतो. माझे तेच झाले.

बरी झाल्यावर आई म्हणाली, "अगं, तुझी आजी पानं मांडल्याशिवाय काकडी चोचवायला घेऊ देत नसे." आजीच्या कोशिंबिरीत लिंबू असेच, पण तिचा नियम वेळेचा होता.

आता मी हात साबणाने धुते, खरबूज वाहत्या पाण्याखाली सालीसकट ब्रशने घासते, पुसून कोरडे करते आणि स्वच्छ सुरीने चिरते. फोडी लगेच झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवते. लिस्टेरिया थंडीतही सावकाश वाढतो, म्हणून त्या त्याच दिवशी संपवतो. दोन तासांहून अधिक, आणि कडक उन्हाळ्यात तासाहून अधिक, बाहेर राहिलेले चिरलेले फळ टाकून देतो. आईला ते टाकणे जिवावर येते. म्हणून मी आता थोडेच चिरते.

दुपारी ती स्वतः डबा काढते. त्यात लिंबाची एक फोड असते, ती केवळ चवीसाठी.