चाळिशी

चष्मा लावणारा माणूस हुशार असतो, हा समज कोणी पसरवला ते सांगता येत नाही. पण ज्याने पसरवला तो स्वतः चष्मेवाला असला पाहिजे. एरवी शरीराचा एखादा अवयव कुरकुरू लागला की लोक हळहळतात. काठी टेकत चाललात तर 'अरेरे' म्हणतात, कानात यंत्र घातलंत तर उगाचच ओरडून बोलतात. डोळ्यांचं मात्र उलटं. नजर अधू झाली की अक्कल वाढली!

याला इतिहास आहे. चष्मा इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस निघाला, तो जवळचं न दिसणाऱ्यांसाठी. आता चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं झालं तर शेतकऱ्याचं काय अडतं? बैल त्याला दिसतोच. अडतं ते पोथीवाल्याचं. तेव्हा चष्मा आधी चढला तो वाचणाऱ्यांच्या नाकावर. आणि वाचतो तो शहाणा, असा हिशेब लोकांनी मांडला. (हा हिशेब तेव्हाच तपासायला हवा होता.) १३५२ साली त्रेव्हिसो गावी तोमासो दा मोदेना या चित्रकाराने ह्यू नावाच्या विद्वान कार्डिनलला भिंतीवर चक्क चष्मा लावून रंगवलं. कार्डिनलसाहेब वारले १२६३ साली, म्हणजे चष्मा निघायच्या आधीच! आमच्या बँकेत कोणी अशी मागची नोंद केली असती तर चौकशी लागली असती.

आपल्या मराठीने मात्र अशी भीड ठेवलेली नाही. वाचायच्या चष्म्याला ती सरळ 'चाळिशी' म्हणते. अक्कल आल्याचा दाखला नव्हे, वय झाल्याची पावती! मला ती बेचाळिसाव्या वर्षी मिळाली आणि दुसऱ्याच दिवसापासून गिऱ्हाइकं मला आयकराबद्दल विचारू लागली. बी.कॉम. तर मी वीस वर्षांपूर्वीच झालो होतो. तोवर कोणी वेळसुद्धा विचारली नव्हती.

तरीही हा समज मोडावा असं मला वाटत नाही. महिन्यातून दोन-तीनदा तरी एखादे आजोबा पैसे काढायची स्लिप माझ्यापुढे सरकवतात आणि म्हणतात, "साहेब, चष्मा घरी राहिला बघा. एवढं भरून देता का?" नाकावर चष्म्याचा वळ नसतो, खिशात चष्म्याचं घर नसतं. पण 'लिहिता-वाचता येत नाही' हे रांगेतल्या दहा जणांदेखत सांगण्यापेक्षा चष्मा विसरलेला बरा. मी स्लिप भरतो. सही तेवढी त्यांना येत असते. एकेक अक्षर जुळवत, सावकाश, चष्म्याशिवाय ते ती करतात. मी नोटा मोजून देतो आणि रांगेला ऐकू जाईल अशा बेतानं जरा रागावून म्हणतो, "आजोबा, पुढच्या वेळी चष्मा आठवणीनं आणा हं!"

"आणतो की," आजोबा म्हणतात.