चाकांवरचें धाकटें घर

कचेरींतून निवृत्त होणें सोपें असतें. तो दिवस दुसरे ठरवितात आणि हार घालून आपणांस घरीं पोंचवितात. घरांतून निवृत्त केव्हां व्हावें, याचा हुकूम मात्र कोणी काढीत नाहीं. मनुस्मृतीनें त्याचीं लक्षणें सांगितलीं आहेत: अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि नातवंडाचें दर्शन. हीं तिन्ही लक्षणें आमच्या ठायीं एकत्र येऊन बरीच वर्षें लोटलीं होतीं. वानप्रस्थास मोटार चालते कीं नाहीं, याविषयीं शास्त्र मौन धरतें, ही सवलत समजून आम्हीं एका जुन्या मोटारीच्या मागील भागांत बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली. इंग्रजींत हिला कॅम्परव्हॅन म्हणतात. हिच्यांतून हिमाचल प्रदेशांत महिनाभर एकट्यानेंच हिंडावें, असा आमचा बेत होता.

बेत ऐकतांच थोरले बंधू म्हणाले, "अरे, लोक म्हणतील, म्हातारपणीं पोरांनीं बाहेर काढला." सूनबाईंनीं रक्तदाबाच्या गोळ्यांची आठवण दिली. चिरंजीव कांहींच बोलले नाहींत, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें. सौभाग्यवती जाऊन तीन वर्षें झालीं होतीं. त्यानंतर आमचें सुखरूप असणें हें जणूं त्यांनीं स्वतःवर घेतलेलें व्रतच होतें. अखेर त्यांनीं एकच अट घातली: रोज सायंकाळीं निरोप धाडावा, तो खरा असावा, आणि जेथें फोन चालणार नाहीं ते दिवस आधीं कळवावे.

2024 सालच्या अनंत चतुर्दशीस गणपति बोळवून दुसऱ्या दिवशीं आम्ही निघालों. स्पितीस मनालीकडून जाणें जवळचें. पण त्या वाटेनें एकाच दिवसांत सुमारें 4,550 मीटर उंचीची कुंझुम खिंड चढावी लागते. वृद्ध शरीरास तें मानवत नाहीं. सिमल्याहून सतलजच्या कांठानें किनौरमार्गें जाणारा रस्ता लांबचा खरा, परंतु तो पायरीपायरीनें वर नेतो. तीन हजार मीटरांवर गेल्यानंतर रोजच्या मुक्कामाची उंची पांचशे मीटरांहून अधिक वाढवूं नये, असा वैद्यकाचा नियम आहे. म्हणून नाको गांव डोळे भरून पाहिलें, पण तें सुमारें 3,600 मीटरांवर असल्यामुळें रात्रीस खालीं ताबो येथें उतरलों. तेथील मातीच्या भिंतींचा मठ इ. स. 996 सालचा आहे. हजार वर्षें माती टिकते, तर साठी उलटलेल्या देहानें एवढें भिण्याचें कारण नाहीं, असें तेथें वाटून गेलें.

तत्पूर्वीं अविधवा नवमीस आम्ही कल्पा येथें होतों. समोर किन्नर कैलास उन्हांत झळकत होता. घरीं चिरंजीव आईचें श्राद्ध करीत होते. दर्भापासून दक्षिणेपर्यंत आमच्या एकाही सूचनेवांचून. दुपारीं त्यांचा निरोप आला, "सर्व यथासांग झालें." आम्ही पुष्कळ वेळ पर्वताकडे पाहत बसलों.

गाडींतील संसार अगदीं लहान. तथापि त्याचे नियम कडक. घाट उतरतांना खालच्या गिअरवर उतरावें, ब्रेकवर नव्हे. चढणाऱ्या गाडीस आधीं वाट द्यावी. खिडक्या बंद करून शेगडी कधींही पेटती ठेवूं नये. तिचा विषारी वायु झोपेंतच प्राण घेतो. ऊन चढलें कीं बर्फ वितळून नाले फुगतात, म्हणून ते सकाळींच ओलांडावे. काझाच्या उंचीवर पाणी सुमारें 88 अंशांवरच उकळतें. तेव्हां कुकरवांचून वरण शिजत नाहीं, हें ज्ञान पोटानेंच दिलें.

काझा येथें दुसऱ्या दिवशीं डोकें दुखूं लागलें. घरीं असतों तर सूनबाईंनीं आमचा चेहरा पाहून तें आमच्याआधीं ओळखलें असतें. येथें दुखणें सांगावयास कोणी नव्हतें, आणि "कांहीं नाहीं ग" असें म्हणून लपवावयासही कोणी नव्हतें. आम्हीं दवाखान्यांत तपासून घेतलें आणि निरोप धाडला: "डोकें दुखत आहे. उद्यां उतरलें नाहीं, तर ताबोस खालीं जाईन." उत्तर आलें, "बाबा, खरें कळविलेंत, आतां झोंप लागेल." दुसऱ्या सायंकाळीं डोकें उतरलें, तरी आणखी दोन दिवस आम्ही तेथेंच थांबलों.

ज्यांच्या अंगणांत गाडी उभी होती, त्या वृद्ध शेतकऱ्यांनीं त्या मुक्कामांत स्पितीची जुनी रीत सांगितली. तेथें मोठ्या घरास खांगचेन आणि धाकट्या घरास खांगचुंग म्हणतात. थोरला मुलगा कर्ता झाला, कीं आईबाप मोठें घर व शेती त्याच्या हवालीं करतात आणि लहानसा तुकडा ठेवून धाकट्या घरांत राहावयास जातात. यजमानांचें धाकटें घर मोठ्या घरापासून हांकेच्या अंतरावर होतें. पोरांनीं बाहेर काढलें, असें तेथें कोणी म्हणत नाहीं.

आमच्याकडे वडील माणसें किल्ल्या कमरेस ठेवून त्यालाच माया म्हणतात. मग चाळिशीचा मुलगाही पडदे बदलण्यापूर्वीं परवानगी मागतो. वानप्रस्थांत जाण्याइतकेंच सोंपून देण्यालाही महत्त्व आहे. वाचकहो, प्रत्येकानें मोटार घेऊन हिमालय गांठावा, असें आम्ही सांगत नाहीं. कोणास माडीवरची खोली पुरेल, कोणास वर्षांतून एक महिना पुरेल. परंतु धाकटें घर हवें. तें मोठ्या घरापासून हांकेच्या अंतरावर असावें, आणि तेथून दिलेली हांक खरी असावी. पूर्वीं हें अंतर पावलांनीं मोजीत. आज तें शेंकडों कोस लांबलें तरी, सायंकाळचा खरा निरोप असेल, तर घर तुटत नाहीं.