चांगल्या तासाचे पाहुणे

पार्किन्सन्स असलेल्या घरात घड्याळाआधी गोळी बघतात. लेव्होडोपाची गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासानं अंग सुटं होतं. मग दोन-तीन तास माणूस चालतो, बोलतो, पेपर वाचतो. अंमल ओसरला की तोच माणूस न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी खिळून उभा राहतो, पाऊल काही केल्या उचलत नाही. अशा वेळी हात धरून ओढायचं नसतं. शेजारी उभं राहून ‘एक-दोन, एक-दोन’ असा ठेका धरायचा, किंवा फरशीवर आधीच रंगीत पट्ट्या चिकटवून ठेवायच्या. पट्टी ओलांडायला पाय उचलला जातो. गोळी द्यायची ती जेवणाच्या बरीच आधी, कारण दूध, डाळ, अंडं यांतली प्रथिनं तिच्या आड येतात. एक गोळी चुकली की पुढचा सगळा दिवस विस्कटतो.

आमच्याकडे माझ्या नवऱ्याला भेटायला येणारे येतात ते चांगल्या तासात. मीच त्यांना तशी वेळ देते, यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. हे इस्त्रीचा शर्ट घालून बसतात, शाळेतल्या सहकाऱ्यांच्या आठवणी काढतात, हसतात. चहा होतो. दारात चपला घालताना पाहुणे म्हणतात, “वहिनी, छान आहेत की हे! आम्ही उगाच घाबरलो होतो.” आणि मग, “पण तुम्ही किती करता हो यांचं. खरंच धन्य आहे तुमची.”

बोलणारा मनापासून बोलत असतो, हे मला कळतं. पण त्या वाक्यानं माझं तोंड बंद होतं. जिला आत्ता धन्य म्हटलं, तिनं लगेच कसं सांगावं, की रात्र-रात्र झोप नाही, पाठ भरून येते, आणि कधी कधी इतका राग येतो की स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं लागतं? कौतुक पदरात पडलं की गाऱ्हाणं करण्याची सोय उरत नाही. कौतुक करणाराही आपलं कर्तव्य झालं असं समजून जिना उतरतो. आपल्या समाजानं घरोघरच्या बायकांना असंच थोर ठरवून एकटं पाडलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

रात्र तर कुणाला दिसतच नाही. या आजारात स्वप्न पडलं की ते अंगातून बाहेर येतं. माणूस झोपेत ओरडतो, हातपाय झाडतो, शेजारी झोपलेल्याला लागतंही. कूस बदलायला मदत लागते. लघवीला उठवावं लागतं, आणि पडण्याची खरी भीती तेव्हाच असते. मध्येच कधी कोपऱ्यात कुणीतरी बसल्याचं दिसतं. तिथं कुणी नाही, असं वाद न घालता शांतपणे सांगावं लागतं. सकाळी गोळी घेऊन हे पुन्हा माणसात येतात. माझी मोडलेली झोप मात्र कोणत्याच गोळीनं भरून येत नाही. रक्तदाब वाढतो, साखर वाढते, विसरायला होतं. “यांचं जरा स्थिर झालं की गुडघ्याचं ऑपरेशन करून घेईन,” म्हणणाऱ्या बायका मला दवाखान्यांच्या बाकांवर भेटल्या आहेत. पार्किन्सन्स हा हळूहळू वाढतच जाणारा आजार आहे. त्यात ‘स्थिर झालं की’ हा दिवस उजाडत नाही.

स्टीव्हन झॅरिट या अमेरिकन अभ्यासकानं 1980 साली सांभाळणाऱ्यांवरचा भार मोजण्यासाठी एक प्रश्नावली केली. तिच्या रूढ आवृत्तीत 22 प्रश्न आहेत, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. स्वतःसाठी वेळ उरतो का, पुढची भीती वाटते का, चीड येते का, लाज वाटते का, स्वतःची तब्येत खालावली का. वाचताना माझे डोळे भरून आले, कारण इतक्या वर्षांत यांतलं एकही मला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर यांचा हात वाकवून बघतात, चालून दाखवायला सांगतात. त्याच भेटीत शेजारच्या खुर्चीतल्या बाईचा रक्तदाब घ्यायला दोन मिनिटं पुरतील.

भारत सरकारच्या 2024च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांची काळजी घेणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 137 मिनिटं आणि पुरुष 75 मिनिटं त्यात घालवतात, असं आलं आहे. त्यात मुलांचं करणंही धरलेलं आहे. कान उघडा ठेवून काढलेली रात्र कोणत्या रकान्यात बसणार? पुरुषही हे करतात. बायकोची वेणी घालायला शिकलेले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत, आणि त्यांना तर विचारणारं कुणीच नाही.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथं रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, दोघांनाही बोलावतात. अशी जागा गावोगावी हवी. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे, आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. केरळात अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम्’ योजना आहे, महिन्याला 600 रुपयांची. रक्कम तुटपुंजी आहे, पण निदान त्या बाईचं नाव सरकारी कागदावर लागतं. महाराष्ट्रानं याहून कमी करू नये.

मला खरा हात दिला तो धाकट्या नणंदेनं. तिनं कौतुक केलं नाही. म्हणाली, “वहिनी, दर बुधवारी दुपारी मी येणार. गोळ्यांच्या वेळा लिहून दे आणि घराबाहेर जा.” सुरुवातीला बाहेरही माझं लक्ष घरात असायचं. पुढे दातांचं राहिलेलं काम करून घेतलं, मग वाचनालयात जायला लागले. बुधवारी रात्री माझा आवाज वेगळा लागतो, असं हेच म्हणतात.

तुमच्या ओळखीत असं घर असेलच. भेटायला जाण्याआधी फोन करा आणि चांगला तास मागू नका, अवघड तास मागा. गोळी कधी, पाणी कसं पाजायचं, उठवताना कुठे धरायचं, हे नीट शिकून घ्या. मग सांभाळणारीला चप्पल घालून बाहेर पाठवा, आणि पुढच्या आठवड्याचा वार त्याच दिवशी ठरवून या.