प्रॉमिनंट न्यूक्लिओलाय

गेल्या वर्षी मावशीचा बायोप्सीचा रिपोर्ट माझ्या हातात आला, कारण घरात विज्ञान शिकलेली मी एकटीच. आजाराचं नाव सगळ्यांना आधीच कळलं होतं. मावशीनं बोट ठेवलं ते भलत्याच दोन शब्दांवर. "प्रॉमिनंट न्यूक्लिओलाय, हे काय गं?"

न्यूक्लिओलस म्हणजे पेशीच्या केंद्रकातला गडद ठिपका. कॉलेजात कांद्याच्या मुळाच्या पेशीत आपण तो पाहतो, जर्नलमध्ये काढतो आणि विसरतो. तिथे आरएनए पॉलिमरेज १ नावाचं एन्झाइम राबत असतं. त्याचं काम एकच: डीएनएवरून रायबोसोमल आरएनएची लांबलचक प्रत काढणं. तिचे तुकडे होतात, त्यांतून रायबोसोम उभे राहतात आणि ते प्रथिनं बनवतात. रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ चं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी वेंकी रामकृष्णन आपल्या बडोद्यात वाढले, इथल्याच सयाजीराव विद्यापीठात शिकले; त्यामुळे रायबोसोम आपण निदान ऐकून तरी असतो. हे एन्झाइम मात्र कुणाच्या गावीही नसतं.

यीस्टमधल्या या एन्झाइमची रचना २०१३ मध्ये हायडेलबर्ग आणि म्युनिकच्या गटांनी मांडली. १४ प्रथिनं मिळून खेकड्याच्या नांगीसारखा आकार. नांगीच्या फटीत डीएनए धरायचा आणि प्रत काढत पुढे सरकायचं. गंमत अशी की स्फटिकात दोन-दोन रेणू एकमेकांत अडकलेले सापडले, म्हणजे काम ठप्प. उपाशी यीस्टमध्येही अशा जोड्या जमतात, हे पुढे दिसलं. खायला मिळालं की जोड्या सुटतात आणि वाढत्या पेशीतल्या आरएनएचा मोठा वाटा हे एकटं एन्झाइम तयार करतं.

कर्करोगाच्या पेशीला सतत वाढायचं असतं, म्हणून सतत रायबोसोम हवेत. मग ठिपका फुगतो आणि पॅथॉलॉजिस्टच्या नजरेत भरतो.

"म्हणजे माझ्याकडे ओव्हरटाइम चाललाय," मावशी म्हणाली. आम्ही हसलो. पण दुसऱ्या दिवसापासून ती अर्धीच भाकरी खाऊ लागली. यीस्टची गोष्ट रंगवून सांगताना मी काय करून बसले, ते मला चौथ्या दिवशी कळलं. "अगं मावशी, यीस्टचं अन्न संपलं की ते थांबतं. पण तू उपाशी राहिलीस तर ती गाठ तुझ्याच अंगातून ओढून घेणार. केमोत वजन घटलं तर हाल तुझेच."

तिनं मुकाट्यानं ताट पुढे केलं. "मग वाढ. आणि तूप जरा हात सैल सोडून."