ग्रोथ रूममधला उजेड

जळगाव जिल्ह्यातला केळी उत्पादक आज रोपं मागायला येतो तेव्हा बहुतेक वेळा टिश्यू कल्चरचं ग्रँड नैन वाणच मागतो. शेडनेटमध्ये येण्याआधी कित्येक महिने ते रोप बाटलीत, बंद खोलीत वाढलेलं असतं. त्या खोलीला आम्ही ग्रोथ रूम म्हणतो. तिला खिडकी नसते. रोपाला मिळतो तो आम्ही देऊ तेवढाच उजेड, दिवसाचे १६ तास. अशाच एका लहान खासगी प्रयोगशाळेची ग्रोथ रूम माझ्याकडे आहे. तिथल्या ट्यूबलाइट जाऊन एलईडी आल्या, तो सगळा बदल माझ्या हातून झाला.

आधी प्रत्येक रॅकला पाच फळ्या आणि फळीमागे ४० वॅटच्या दोन ट्यूब होत्या. ट्यूबवर ४० लिहिलेलं असलं तरी तांब्याचा चोक आणखी दहा-बारा वॅट खातो, ते कुणी हिशेबात धरत नसे. म्हणजे एका रॅकला पाचशेहून जास्त वॅट, १६ तासांत आठेक युनिट. ही जवळजवळ सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन उरते. खोली २५ अंशांच्या आसपास ठेवायची, आणि मे महिन्यात बाहेर पारा ४५ला टेकलेला. त्यामुळे उजेडासाठी एकदा बिल भरायचं आणि त्या उजेडाची ऊब एसीने बाहेर काढायला पुन्हा भरायचं.

मालकांना बिलाची काळजी होती, ती रास्तच. मला मात्र बाटल्यांची होती. खालच्या फळीच्या ट्यूब वरच्या फळीच्या तळाशी बसवलेल्या असतात. ट्यूब आणि चोक तापले की वरच्या बाटल्या बुडाकडून गरम होतात, झाकण मात्र थंड राहतं. मग आतली वाफ झाकणाला लागून थेंब धरते आणि बाटलीत कायम दमटपणा राहतो. अशा बाटलीत पानं पाणी भरल्यासारखी, अर्धपारदर्शक होतात. हात लावला की मोडतात. याला रोप ज्यात वाढतं त्या माध्यमातल्या संप्रेरकाचं प्रमाण आणि अगारचा घट्टपणा हीदेखील कारणं असतात, पण ती नीट सांभाळूनही मधल्या फळ्यांवर हा प्रकार जास्त दिसायचा. अशी रोपं हार्डनिंगला, म्हणजे बाटलीबाहेर सरावताना, टिकत नाहीत. बाटलीत हिरवी दिसणारी रोपं ट्रेमध्ये माना टाकतात तेव्हा महिन्यांची मेहनत जाते, आणि ती मेहनत निर्जंतुक हवेच्या लॅमिनार टेबलावर बसून एकेक कोंब कापणाऱ्या मुलींची असते.

एलईडी घ्यायचं ठरल्यावर पहिला प्रश्न आला रंगाचा. विक्रेत्याने लाल-निळ्या ट्यूब आणल्या. त्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं: हरितद्रव्य सर्वाधिक शोषतं ते निळं आणि लाल, म्हणून साधारण ४५० आणि ६६० नॅनोमीटरचे दिवे लावले की वीज वाया जात नाही. आम्ही एक रॅक तसा केला. रोपं चांगली वाढली, त्यात खोट काढता येणार नाही.

अडलं ते दुसरीकडेच. बाटल्या तपासणारी मुलगी दुसऱ्याच दिवशी म्हणाली, “मॅडम, यात काहीच कळत नाही. पान पिवळं आहे का बरं आहे, कसं सांगू?” त्या जांभळट उजेडात सगळी पानं काळपट दिसत होती. कोंबाच्या बुडाशी माध्यमात येणारा जिवाणूंचा दुधी ढग दिसत नव्हता, बुरशीचा पहिला पांढुरका धागा नजरेतून सुटत होता. ग्रोथ रूममध्ये संसर्ग झालेली बाटली त्याच दिवशी बाहेर गेली पाहिजे. बुरशीला बीजाणू धरले की शेजारच्या बाटल्याही धोक्यात येतात. ज्या खोलीत माणसाची नजर हेच मुख्य उपकरण आहे, तिथे नजरेला आंधळं करणारा दिवा मला नको होता. शिवाय पान हिरवा प्रकाश अजिबात वापरत नाही, ही समजूतही खरी नाही. संशोधक मॅक्री यांनी १९७२ साली अनेक पिकांच्या पानांवर घेतलेली मोजमापं सांगतात की हिरव्या प्रकाशावरही पान बऱ्यापैकी काम करतं.

म्हणून आम्ही पांढऱ्या ट्यूब घेतल्या, २० वॅटच्या. हा पांढरा उजेडही मुळात निळाच असतो. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर देऊन तो पांढरा केलेला असतो. त्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या रॅकसमोर उभं राहिलं की मला ते पारितोषिक फार योग्य वाटतं.

वायरमन भाऊंनी चोक आणि स्टार्टर काढून थेट जोडणी दिली. जाताना म्हणाले, “ताई, प्रत्येक पट्टीवर लिहून ठेवा, इथे जुनी ट्यूब लावायची नाही.” लिहून ठेवलं. काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो, त्यामुळे त्या भंगारात न देता खोक्यांत भरून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला दिल्या. ई-कचरा नियमांत पाऱ्याचे दिवे येतात. बाटल्यांच्या वर पाऱ्याची काच टांगलेली नाही, याचंच मला मोठं समाधान आहे.

उजेड मोजायच्या पद्धतीकडेही तेव्हा नव्याने पाहावं लागलं. आमच्या जुन्या वहीत सगळीकडे २००० ते ३००० लक्स असं लिहिलेलं. पण लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात, आणि आपला डोळा हिरव्या-पिवळ्याला सर्वाधिक संवेदनशील. लाल-निळ्या रॅकखाली मीटर फारच कमी आकडा दाखवायचा आणि रोपं मजेत असायची. एकाच जातीच्या दोन दिव्यांची तुलना लक्सने करावी, दिव्याची जात बदलली की तो आकडा फसवतो. आता ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन मोजणारा मीटर एका कृषी महाविद्यालयातून अधूनमधून मागून आणते. बाटलीतल्या रोपाला उन्हाच्या मानाने अगदी थोडा प्रकाश पुरतो, कारण माध्यमात लिटरमागे ३० ग्रॅम साखर असते. रोप पोट भरतं ते मुख्यतः त्या साखरेवर.

रॅकची वीज निम्म्याहून खाली आली. एसीचा कॉम्प्रेसर मध्येमध्ये थांबू लागला, पूर्वी उन्हाळ्यात तो थांबतच नसे. वीज गेल्यावर जनरेटरवर जेमतेम अर्धी खोली चालायची, आता पूर्ण चालते. झाकणाखालचं पाणी खूप कमी झालं आणि मधल्या फळ्यांवरची पानं वरच्या फळीइतकीच कडक येऊ लागली. हिवाळ्यात उलट अडचण निघाली. दिव्यांची ऊब गेल्याने काळोखाच्या आठ तासांत खोली जास्त गार पडू लागली. मग अर्ध्या रॅकांचा दिवस रात्री ठेवला. तापमान स्थिर राहिलं आणि विजेचा भारही चोवीस तासांत वाटला गेला.

नवी प्रयोगशाळा काढणारे विचारायला येतात. त्यांना मी सांगते, सगळी खोली एकदम बदलू नका. एकच रॅक बदला, त्यावर रोपं वाढीपासून मुळं फुटेपर्यंत पूर्ण जाऊ द्या, नंतर तीच रोपं ट्रेमध्ये किती जगतात ते मोजा. दिव्याची परीक्षा शेडनेटमध्ये होते. सध्या आमच्याकडे मुळं फुटण्याच्या टप्प्यावर ६५०० केल्व्हिन आणि ४००० केल्व्हिनच्या ट्यूब शेजारी शेजारी लावल्या आहेत. दुसऱ्यात लालचा वाटा जास्त, तिथली रोपं जरा उंच दिसतात. देठ कुठे जास्त जाड येतो ते या खेपेचे ट्रे भरल्यावर कळेल.