पस्तीस

दहावीचे गणिताचे गठ्ठे तपासण्यात माझे कित्येक मार्च-एप्रिल गेले. त्यामुळे पस्तीस या आकड्याशी माझी जुनी ओळख आहे. चौतिसावर अडकलेल्या पोराचा पेपर मी पुन्हा उघडायची, एखाद्या अर्धवट पायरीला गुण देता येतो का पाहायची. टूडी इकोच्या कागदावर माझ्या हृदयाचं पंपिंग ३५ टक्के लिहून आलं, तेव्हा मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की चला, सुटले.

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, इथं पैकीच्या पैकी कुणालाच मिळत नाहीत." चांगलं धडधाकट हृदयसुद्धा एका ठोक्याला डाव्या कप्प्यातलं ५५ ते ७० टक्केच रक्त बाहेर ढकलतं, बाकीचं आतच राहतं. म्हणजे साठपैकी पस्तीस धरले तर मी अठ्ठावन्न टक्क्यांवर, असा हिशेब मी तिथल्या तिथं मांडला. डॉक्टरांना तो फारसा आवडला नाही.

आजाराचं नाव डायलेटेड कार्डिओमायोपॅथी. डावा कप्पा ताणून मोठा झालेला, त्याची भिंत पातळ, स्नायू थकलेला. पण अँजिओग्राफी एकदम स्वच्छ! इथंच घोटाळा होतो. आपल्याकडं हृदयाचं दुखणं म्हणजे ब्लॉकेज, स्टेंट, बायपास. ही भाषा आता सातारच्या भाजी मंडईतही चालते. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारी, "किती ब्लॉकेज निघाले?" एकही नाही म्हटलं की त्याचा चेहरा उजळायचा. "मग काय, देवाचीच कृपा!" एका शेजारीण काकूंनी तर पेढे आणले. नळ्या चांगल्या आहेत, मांसच दमलंय, हे समजावून सांगण्यापेक्षा पेढा खाणं सोपं होतं. (मला मीठ कमी करायला सांगितलंय, पण कंदी पेढ्यात मीठ नसतं, हे माझं आजही ठाम मत आहे.)

मग कळलं की हा पस्तीसही काही दगडावरची रेघ नाही. इको करणारा पडद्यावर हलणाऱ्या कप्प्याची कड ओळखतो, रेषा आखतो, यंत्र आकडा काढतं. कधी कधी अनुभवी डोळा नुसता पाहूनच सांगतो. त्याच दिवशी, त्याच हृदयाचे दोन जाणत्या माणसांनी काढलेले आकडे पाच-दहांनी सहज वेगळे येऊ शकतात. उत्तरपत्रिकांचं मॉडरेशन केलेल्या बाईला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. पण इथंही पस्तिसावर बरंच काही ठरतं. नीट औषधं घेऊनही निदान तीन महिन्यांनी आकडा ३५ किंवा त्याखालीच राहिला, तर गळपट्टीच्या हाडाखाली एक डबी बसवायची गोष्ट निघते. ठोके अचानक बेताल झाले तर ती आतूनच झटका देते. मिशेल मिरोव्स्की या डॉक्टरनं ती कल्पना वर्षानुवर्षं लावून धरली आणि १९८० मध्ये बाल्टिमोरला ती पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसली. मला डबीची भीती नव्हती. राग होता तो एका मार्कावर निर्णय लटकण्याचा. तेव्हा कुठं मला ती चौतिसावरची पोरं कळली.

ते तीन महिने गोळ्यांचे. त्यातली एक मेटोप्रोलॉल. ती हृदयाची गती कमी करते. दमलेल्या हृदयाला आणखी हळू करणं म्हणजे त्याचा घात, असंच वैद्यकशास्त्र पूर्वी मानत होतं आणि ते चूक वाटण्यासारखंही नव्हतं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला फिन वागस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच रुग्ण घेतले, त्यांना याच जातीची औषधं दिली आणि १९७५ मध्ये सात जणांचा अनुभव छापला: माणसं सुधारली. कुणी लगेच विश्वास ठेवला नाही. मोठ्या चाचण्यांनी शिक्कामोर्तब व्हायला १९९९ उजाडलं. मला ही गोळी अगदी अर्ध्यापासून सुरू करून हळूहळू वाढवत नेली. सुरुवातीचे आठवडे तर आणखीच गळून गेल्यासारखं व्हायचं. पण पाकिटावर नसलेली ही हकिगत ठाऊक असल्यामुळे मी ती मुकाट्यानं गिळत राहिले.

बाकी सगळं नेहमीचं. सकाळी चहाआधी वजनकाटा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते चरबीचं नाही, पाण्याचं, मग फोन करायचा. ठेचा, पापड, लोणचं बंद. रात्री दोन उशा.

आकडा चढला. चाळिशी ओलांडून गेला. घरात सगळे "बरी झालीस" म्हणू लागले. मीही डॉक्टरांना विचारलं, आता गोळ्या सोडता येतील? त्यांनी लंडनच्या एका अभ्यासाचं सांगितलं. २०१८ मध्ये छापून आलेला. ज्यांचं हृदय औषधांनी पूर्ण पूर्ववत झालं होतं अशांनी देखरेखीखाली औषधं थांबवली. सहा महिन्यांत दहातल्या साधारण चौघांचं दुखणं परतलं. आणि माझा आकडा तर अजून पूर्ववतही नाही. काही जण सुधारतात, काही आहे तिथं राहतात, काहींचं घसरत जातं. आपण कोणत्या रांगेत, हे आधी कळत नाही. कासच्या पठारावरच्या टोपली कारवीला तारीख आहे, सात वर्षांनी फुलणार म्हणजे फुलणार. मला मिळते ती फक्त "सहा महिन्यांनी इको करू" एवढीच.

बँकेत मुदत ठेवीचा फॉर्म भरताना क्लार्कनं विचारलं, "बाई, किती वर्षांची?" मी निम्मी एक वर्षासाठी ठेवली, निम्मी पाच वर्षांसाठी. व्याजदर बघून केलं, असं घरी सांगितलं.

पण हे सगळं माझ्यापुरतं होतं तोवर सोपं होतं. डॉक्टरांनी एकदा विचारलं, "घरात कुणी अचानक गेलं होतं?" वडील, आमचे आबा, गेले होते. पन्नाशीत, रात्री झोपले ते उठलेच नाहीत. पुण्यवान माणूस, कुणाला त्रास दिला नाही, असं अख्खं गाव म्हणालं होतं आणि आम्हालाही त्या वाक्याचा आधार वाटला होता. डॉक्टरांनी ते फक्त लिहून घेतलं. मग सांगितलं की काही घरांत हा आजार जनुकांतून येतो. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका संशोधनात, २००९ साली, हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकातली पंचवीस अक्षरं गळाल्याचं आढळलं. भारतीय उपखंडातल्या शंभरातल्या सुमारे चौघांत हा बदल असतो आणि वय वाढेपर्यंत बहुधा पत्ताही लागत नाही. माझ्यात तो आहे का, तपासलेलं नाही. वडिलांचं तर आता कळणारच नाही. पण सख्खी भावंडं आणि मुलं यांचा इको आणि ईसीजी करायलाच हवा, हे डॉक्टरांनी बजावलं.

मुलीनं केला. नॉर्मल आला. "काही वर्षांनी पुन्हा करा," असं तिला सांगितलंय. तिनं ते माझ्यापेक्षा शांतपणे ऐकलं.

राहिला धाकटा भाऊ. कराडकडं शेती. परवाही फोन केला.

"ताई, मला काय धाड भरलीय? रोज मोटर चालू करायला विहिरीवर चालत जातोय."

"आबाही जात होते."

पलीकडं थोडा वेळ नुसता ट्रॅक्टरचा आवाज.

"उसाची तोड आलीय गं. टोळी फडात उभी आहे. आत्ता सोडली तर दुसऱ्याच्या रानात जाईल."

"इकोला अर्धा तास लागतो. सोमवारी संध्याकाळची वेळ घेतलीय, तुझ्या नावानं."

"आणि ऊस?"

"मुकादमाचा नंबर दे. मी बोलते त्याच्याशी."