कोमट पाणी

आयसलंड या नावातच बर्फ आहे. त्या देशात जाऊन मी ऊन पाण्याचा धडा शिकून येईन, असे कुणी सांगितले असते तर मला हसू आले असते. परंतु प्रभू आपल्या सेवकाला कोणत्या वर्गात नेऊन बसवील, याचा नेम नसतो. गेल्या जूनमध्ये त्याने मला अशाच एका वर्गात नेले, आणि तोही पोहण्याच्या पोशाखात!

लंडनला नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने आग्रहाने मला चार दिवसांसाठी तेथे नेले होते. एका सकाळी आम्ही सहा पाहुणे एका लहान मोटारीतून राजधानी रेकयाविकहून निघालो. दिवसभराचा कार्यक्रम दोनच गोष्टींचा : त्या भूमीचे अन्न चाखणे आणि त्या भूमीच्या ऊन पाण्यात स्नान करणे. रेकयाविक या नावाचा अर्थच ‘धुराचा उपसागर’ असा आहे. पहिल्या वसाहतवाल्यांना दिसलेला तो धूर म्हणजे जमिनीतून निघणारी वाफ होती, असे सांगतात. आज त्या देशातील दहापैकी नऊ घरे भूगर्भातल्या उष्णतेनेच उबदार राहतात.

आमची मार्गदर्शक मध्यमवयीन, हसतमुख बाई होती. थिंगवेट्लिर या ऐतिहासिक पठारावर पोहोचताच तिने डबे उघडले. प्रथम वाऱ्यावर वाळवलेली मासळी, लोणी लावून. वसईच्या किनाऱ्यावर सुक्या बोंबलांच्या वासात वाढलेल्या मला ती परकी वाटली नाही. मग ‘स्कीर’ नावाचे दाट, आंबूस दही. शेवटी काडीला टोचलेला एक पांढरट चौकोनी तुकडा : ‘हाउकार्ल’, म्हणजे आंबवलेला शार्क मासा. त्याच्या वासाने डोळ्यांत पाणी आले. हा शार्क ताजा खाल्ला तर विषारी असतो. म्हणून तो कित्येक आठवडे वाळू-खडीत पुरून, वर धोंडे ठेवून त्यातील विषारी द्रव निचरू देतात आणि नंतर महिनोन्‌महिने टांगून वाळवतात. जेथे धान्य पिकवणे दुरापास्त होते, तेथे माणसाने विषातूनही घास काढला! तो तुकडा मी गिळला खरा, पण दुसरा मागण्याचे धैर्य झाले नाही.

मी धर्मगुरू आहे हे कळल्यावर बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. 23 डिसेंबर हा संत थोर्लाक यांचा दिवस. स्काउल्होल्टचे हे बिशप 1193 साली याच दिवशी देवाघरी गेले, आणि 1984 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना आयसलंडचे आश्रयदाते संत म्हणून मान्यता दिली. आज देशात कॅथलिक मूठभर आहेत. त्यांतही पोलंड आणि फिलिपाइन्सहून आलेलेच अधिक. तरीही त्या दिवशी घरोघरी आंबवलेला वागळी मासा शिजतो आणि त्याचा उग्र दर्प रस्त्यावर येतो. नाताळापूर्वी मांस वर्ज्य करण्याच्या जुन्या कॅथलिक रीतीची ती खूण आहे. उपवास विसरला गेला. उपवासाची मासळी मात्र उरली. आपल्याकडेही असे काय काय उरले असेल, हा विचार माझ्या मनाला चाटून गेला.

याच पठारावर इ. स. 930 पासून आयसलंडची लोकसभा भरत असे. इ. स. 1000 च्या सुमारास येथे मोठा पेच उभा राहिला. नॉर्वेचा राजा ओलाफ नव्या धर्मासाठी दबाव आणीत होता. त्याने काही आयसलंडवासीयांना ओलीसही धरले होते. इकडे ख्रिस्ती आणि जुन्या देवतांचे उपासक परस्परांचे कायदे झुगारून लढाईला सिद्ध झाले. निवाडा विधिवक्ता थोर्गेर याच्यावर सोपवण्यात आला. तो स्वतः जुन्या धर्माचा होता. एक अहोरात्र तो अंगावर पांघरूण ओढून निःशब्द पडून राहिला. मग उठून त्याने सांगितले की, कायदा दुभंगला तर शांतताही दुभंगेल. म्हणून सर्वांनी ख्रिस्ती व्हावे आणि स्नानसंस्कार घ्यावा. मात्र घोड्याचे मांस खाण्याची, गुपचूप जुने बळी देण्याची आणि नकोशी अर्भके उघड्यावर टाकून देण्याची जुनी मुभा तूर्त राहावी. काही वर्षांतच या सवलती रद्द झाल्या.

तेथून अर्ध्या तासाच्या अंतरावर लौगरवात्न हे तळे आहे. त्याच्या काठची काळी वाळू खालून उकळत असते. स्नानगृहाचा एक सेवक फावडे घेऊन आला. वाळूत ठिकठिकाणी एकेक दगड ठेवलेला होता. प्रत्येक दगडाखाली पावाचे एक भांडे पुरलेले. आदल्या दिवशी राईच्या पिठाची कणीक भांड्यात घालून ती पुरतात आणि चोवीस तासांनी उकरून काढतात. झाकण उघडताच वाफ निघाली. आत गडद तपकिरी, गोडसर पाव! त्यावर लोणी आणि तळ्यातला धुरावलेला मासा. दगड बाजूला सारून काढलेली ती भाकर खाताना माझ्या मनात कोणता रविवार आला असेल, हे वाचकांना सांगायला नको.

स्नानाची पाळी आली तेव्हा मात्र माझी पंचाईत झाली. कुंडात उतरण्यापूर्वी सर्वांनी एकाच न्हाणीघरात, अंगावर वस्त्र न ठेवता साबणाने स्वच्छ व्हायचे, असा तेथील कडक नियम. मी भिंतीकडे तोंड करून तो कसाबसा पाळला. ऊन कुंडात गळ्यापर्यंत बसलो तेव्हा एका बाजूला एक वृद्ध शेतकरी होता, दुसरीकडे अंगावर गोंदवून घेतलेला एक तरुण. तेथे मी कुणाचा ‘फादर’ नव्हतो. कुणी उठून जागा दिली नाही, कुणी आशीर्वाद मागितला नाही. तीस वर्षांनंतर प्रथमच मी केवळ एक देह होतो. थकलेला, गुडघे दुखणारा आणि ऊब मिळाल्यामुळे सुखावलेला. वज्रेश्वरीच्या ऊन कुंडांपाशी थांबलेली वृद्ध माणसे मी अनेकदा वाटेने जाताना पाहिली होती. त्यांना काय मिळत असेल, ते त्या दिवशी उमगले.

स्नानगृहापासून थोड्याच पावलांवर ‘वीग्दालौग’, म्हणजे ‘पवित्र कुंड’ आहे. दगडांनी बांधलेले लहानसे वर्तुळ, आत वाफाळते पाणी. बाईंनी सांगितले, “थिंगवेट्लिरचा निर्णय झाला खरा, पण उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे लोक थंड पाण्यात उतरायला तयार होईनात. म्हणून त्यांना येथे आणून स्नानसंस्कार दिला.” जुन्या इतिहासकथांतही तसेच नोंदलेले आहे. पाहुणे हसले. मी हसलो नाही. मला एक थर्मास आठवला.

मी तेव्हा नवखा सहायक धर्मगुरू होतो. डिसेंबरमधील एक सकाळ. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या एका अर्भकाचा स्नानसंस्कार होता. स्नानकुंडापाशी त्याची आजी पुढे आली आणि पदराआडून थर्मास काढून हळूच म्हणाली, “फादर, थोडं ऊन पाणी आणलंय. कुंडातल्या पाण्यात मिसळाल का? पोर नाजूक आहे.” सेमिनरीतून ताजाताजा बाहेर पडलेला मी, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “आजी, हा संस्कार आहे, न्हाणीघर नव्हे. प्रभूने यार्देन नदीत पाणी तापवून घेतले नव्हते.” दोघेचौघे हसले. तिने थर्मास पुन्हा पदराआड घेतला. गार पाणी डोक्यावर पडताच ते बाळ असे किंचाळले की त्याच्या आईने डोळे मिटून घेतले. बाळाला पुढे काही अपाय झाला नाही. पण आजीने त्यानंतर माझ्याशी कधी शब्दही काढला नाही. माझी बदली झाली, आणि काही वर्षांनी ती वारल्याचे कळले. क्षमा मागण्याचे राहून गेले ते राहूनच गेले.

यात अधिक लाजिरवाणी गोष्ट अशी की, मी नियमानेही चुकलो होतो. स्नानसंस्काराच्या आपल्या विधिग्रंथाच्या प्रस्तावनेतच, हवामानानुसार गरज असल्यास पाणी आधी तापवून घ्यावे, अशी सूचना आहे. ती मी परीक्षेसाठी वाचली होती. ख्रिस्तसभेला तान्ह्या जिवाची काळजी होती. मला माझ्या रुबाबाची होती.

त्या कुंडाच्या काठावर बसून मी थोर्गेरच्या निवाड्याचा पुन्हा विचार केला. मनुष्याच्या दुर्बलतेला दिलेली प्रत्येक सवलत सारखी नसते. अर्भके उघड्यावर टाकण्याची मुभा ही सवलत नव्हे, ते पाप होते. त्याची किंमत सर्वांत दुबळा जीव मोजत होता. ऊन पाण्याच्या सवलतीची किंमत कुणालाच मोजावी लागली नाही. तिने श्रद्धेचे काहीच उणे केले नाही. आणि मी दाखवलेल्या कठोरपणाची झळ कुणाला लागली? पुन्हा एका तान्ह्या जिवालाच, आणि त्याच्यासाठी पहाटे उठून पाणी तापवणाऱ्या एका म्हातारीला. धर्मशिस्त राखतो आहोत असे समजून आपण कुणावर भार टाकतो, हे मी त्या दिवसापर्यंत कधी तपासले नव्हते.

त्या कुंडाची आणखी एक आठवण आहे. आयसलंडचे धर्मसुधारणेपूर्वीचे अखेरचे कॅथलिक बिशप योन आरासोन आणि त्यांचे दोन पुत्र (ब्रह्मचर्याचा नियम तेथे तेव्हा शिथिलच होता) यांचा 7 नोव्हेंबर 1550 रोजी स्काउल्होल्ट येथे शिरच्छेद झाला. पुढील वर्षी त्यांचे देह उत्तरेकडे होलार येथे नेताना याच पाण्याने धुतले, अशी परंपरा आहे. ज्या पाण्याने एका लोकसमूहाला ख्रिस्तात जन्म दिला, त्यानेच साडेपाचशे वर्षांनी त्याच्या मेंढपाळाला अखेरचे स्नान घातले. मी त्या पाण्यात हात बुडवला, कपाळावर क्रूसाची खूण केली आणि त्या आजीचे नाव घेतले.

परतताना पुतण्याने विचारले, “फादर काका, काय आवडलं? पाव की पाणी?” मी “पाव” म्हणालो. बाकीचे सांगायला वाट फार छोटी होती.

आता आमच्या साक्रिस्तीत एक विजेची किटली आहे. डिसेंबर-जानेवारीत स्नानसंस्कार असला की साक्रिस्तान ती न सांगता लावतो. पाणी कुंडात मिसळून मी आधी माझ्या मनगटावर घेऊन पाहतो, आणि मग बाळाच्या आजीला पाहायला सांगतो. तिने मान डोलावली की मगच आम्ही प्रार्थनेला आरंभ करतो.